रिपीटर पुन्हा पुन्हा बहिरा होतो तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम आणि परवान्याची चौकट

रिपीटर म्हणजे एका वारंवारतेवर ऐकलेले बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रसारित करणारे रेडिओ केंद्र. त्याची देखभाल करणाऱ्यांकडे एक तक्रार काही काळाने हटकून परत येते. जवळच्या स्टेशनांचे बोलणे स्वच्छ जाते, पण हद्दीच्या कडेवरून कोणी बोलू लागले की रिपीटर उघडतो, एखादा शब्द ऐकू येतो, लगेच खरखर त्याला गिळून टाकते, टेल (सिग्नल गेल्यावरही ट्रान्समीटर चालू राहतो तो थोडा काळ) संपून ट्रान्समीटर बंद होतो आणि तोच आवाज पुन्हा एका शब्दापुरता वर येतो. हे आवर्तन घड्याळ लावून पाहावे. त्याचा काळ रिपीटरच्या हँग टाइमशी, म्हणजे या टेलच्या लांबीशी, जुळत असेल, तर बोलणाऱ्याच्या सेटमध्ये, त्याच्या अँटेनात किंवा हवामानात दोष शोधण्यात अर्थ नाही. ट्रान्समीटर सुरू झाला की रिपीटरचा स्वतःचाच रिसीव्हर बहिरा होतो, क्षीण सिग्नल हरवतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना रिसीव्हरचा आवाज दाबून ठेवणारी व्यवस्था) बंद होतो, ट्रान्समीटर थांबतो आणि रिसीव्हरला पुन्हा ऐकू येऊ लागते. या दोषाला डीसेन्स म्हणतात. डिजिटल रिपीटरवर तो खरखरीच्या रूपात दिसत नाही. तिथे शब्द तुटतात, बिट एरर वाढतात आणि आवर्तन तितके ठळक नसल्यामुळे दोष बराच काळ लक्षातही येत नाही.

तक्रार परत येण्याचे कारण दुरुस्तीच्या रीतीत असते. टॉवरच्या जागी जायचे, कनेक्टर घट्ट करायचे, ड्युप्लेक्सरचे (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकत्र चालू देणाऱ्या फिल्टरसंचाचे) स्क्रू थोडे फिरवायचे, हातातल्या वॉकीटॉकीवर रिपीटर छान उघडतो याची खात्री करायची आणि परतायचे. या साऱ्यात एकही आकडा लिहिला जात नाही. मग पहिल्या पावसात किंवा पहिल्या कडक उन्हात तोच प्रकार पुन्हा सुरू होतो, आणि आधी दोष कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरा सर्रास होणारा उपाय म्हणजे ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधला एखादा सीटीसीएसएस टोन (हा मंद स्वर सोबत असेल तरच रिपीटर उघडतो) लावून टाकणे. टोनमुळे नको त्या सिग्नलवर रिपीटर उघडायचा थांबतो, ऐकणाऱ्यांची सुटका होते आणि ती सोय म्हणून योग्यच आहे. परंतु रिसीव्हरचा बहिरेपणा त्याने तिळभरही कमी होत नाही, उलट तो झाकला जातो. निदान करताना टोन बंद ठेवून, स्क्वेल्च उघडून, रिसीव्हरचा कच्चा आवाज ऐकावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आकडेमोड एकदा नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. समजा रिपीटर १४५.७०० मेगाहर्ट्झवर प्रसारण करतो, १४५.१०० वर ऐकतो आणि ट्रान्समीटर ५० वॅटचा, म्हणजे अधिक ४७ डीबीएमचा (एका मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) आहे. चांगल्या रिसीव्हरला ०.२५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे सुमारे उणे ११९ डीबीएम एवढा सिग्नल समजण्याजोगा असतो. एकाच अँटेनावर एकाच वेळी चालणाऱ्या या दोन गोष्टींत १६६ डेसिबलचे अंतर आहे. ट्रान्समीटरकडून रिसीव्हरला दोन वेगवेगळ्या प्रकारे त्रास होतो आणि त्यांची गल्लत केली की पैसा आणि कष्ट दोन्ही वाया जातात. पहिला प्रकार कॅरिअरचा, म्हणजे ट्रान्समीटरच्या मुख्य लहरीचा: ६०० किलोहर्ट्झ बाजूला असलेला हा प्रचंड सिग्नल रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यालाच दडपून टाकतो. दुसरा प्रकार ट्रान्समीटरच्या साइडबँड नॉइजचा: कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा नॉइज थेट १४५.१०० वरच येऊन पडतो.

दुसऱ्या प्रकाराचा हिशेब मांडून पाहू. सिंथेसायझर असलेल्या ट्रान्समीटरचा नॉइज ६०० किलोहर्ट्झवर प्रत्येक हर्ट्झमागे कॅरिअरपेक्षा १४० डेसिबल खाली धरला, तर तो उणे ९३ डीबीएम प्रति हर्ट्झ होतो, आणि १५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये गोळा होऊन उणे ५१ डीबीएम. रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः किती नॉइजची भर घालतो त्याचे माप) ६ डेसिबल असेल तर त्याची स्वतःची नॉइजची पातळी साधारण उणे १२६ डीबीएम असते. संवेदनक्षमतेतली घट एका डेसिबलच्या आत ठेवायची, तर बाहेरून आलेला नॉइज त्याहून ६ डेसिबल खाली, म्हणजे उणे १३२ डीबीएमवर आणावा लागतो. म्हणजे ड्युप्लेक्सरच्या ट्रान्समीटरकडील बाजूने १४५.१०० वर किमान ८१ डेसिबल अडवणूक केली पाहिजे. हे काम रिसीव्हरकडील बाजूच्या कॅव्हिटी (ड्युप्लेक्सरमधले धातूचे फिल्टर-डबे) करूच शकत नाहीत, कारण नॉइज हव्या असलेल्या वारंवारतेवरच बसलेला असतो आणि रिसीव्हरकडची फिल्टर त्याला सिग्नलबरोबर आत सोडते. रिसीव्हरच्या बाजूला आणखी एक कॅव्हिटी लावूनही फरक पडला नाही, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असते. दोन साधे मोबाइल सेट जोडून केलेल्या रिपीटरमध्ये हा नॉइज आणखी जास्त असू शकतो, शिवाय ते सेट अखंड प्रसारणासाठी बनवलेले नसतात. ते निम्म्या किंवा त्याहून कमी पॉवरवर चालवावेत.

याच ठिकाणी नियमांची बाजू आडवी येते आणि बराच गैरसमज होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीनुसार अशा ट्रान्समीटरची स्प्युरियस (हव्या वारंवारतेबाहेरची, अनावश्यक) उत्सर्जने कॅरिअरच्या तुलनेत ४३ अधिक पॉवरच्या लॉगॅरिदमची १० पट एवढे डेसिबल, किंवा ७० डेसिबल, यांपैकी जे कमी कडक असेल तेवढी खाली असावी लागतात. ५० वॅटसाठी हा आकडा ६० डेसिबल येतो, म्हणजे उणे १३ डीबीएमपर्यंतचे उत्सर्जन नियमात बसते. ही मर्यादा १०० किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये मोजतात, आणि त्या मापाने वरच्या उदाहरणातला ट्रान्समीटर तिच्या सुमारे ३० डेसिबल खाली आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अगदी स्वच्छ आहे, आणि तरीही ड्युप्लेक्सरने आणखी ८१ डेसिबल अडवल्याशिवाय रिपीटर चालू शकत नाही. तेव्हा सेटचे प्रमाणपत्र हा रिपीटर निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. ती मर्यादा इतर सेवांच्या रक्षणासाठी आखलेली आहे. रिपीटरच्या स्वतःच्या रिसीव्हरचे रक्षण हे सर्वस्वी सांभाळणाऱ्याचे काम आहे.

दोष अँटेनाच्या अलीकडे की पलीकडे

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे अँटेनाचा फीडर (तिच्यापर्यंत जाणारी केबल) काढून त्या जागी चांगला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) लावणे. ड्युप्लेक्सरचे अँटेना पोर्ट आणि लोड यांच्यामध्ये डायरेक्शनल कपलर (मुख्य मार्गाला बाजूची कमकुवत जोडणी देणारा भाग) ठेवावा आणि सिग्नल जनरेटर त्या कपलरच्या कमकुवत जोडणीतून द्यावा. जनरेटर थेट अँटेना पोर्टला कधीही जोडू नये, ट्रान्समीटर सुरू होताच तो जळतो. मध्ये अ‍ॅडॅप्टरची साखळी लावू नये, कारण सैल अ‍ॅडॅप्टर हाच पुष्कळदा नवा दोष ठरतो.

ट्रान्समीटर बंद ठेवून, १ किलोहर्ट्झचा टोन ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने देत, रिसीव्हरवर १२ डेसिबल सिनॅड (आवाज नॉइज आणि विकृतीच्या किती वर आहे त्याचे माप) मिळेपर्यंत जनरेटरची पातळी कमी करावी आणि आकडा लिहून घ्यावा. मग दुसरे काहीही न बदलता ट्रान्समीटर हाताने सुरू करावा. सिनॅड जितकी घसरेल ती भरून काढण्यासाठी जनरेटर जेवढे डेसिबल वाढवावा लागेल, तेवढा डीसेन्स. एक डेसिबलपर्यंतची वाढ सोडून द्यावी. तीन डेसिबल म्हणजे अर्धी ताकद हरवली. आणि १० डेसिबल असेल तर कडेचे वापरकर्ते महिनोन्‌महिने तक्रार करत असणार. ट्रान्समीटर सुरू ठेवूनच एकेका केबलला हलके हलवावे, कनेक्टरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करावी आणि टोनकडे कान द्यावा. दोष असलेल्या सांध्यावर टकटक केली की टोनमागची खरखर त्याच ठेक्यात उसळते, आणि तो आवाज एकदा ऐकला की पुढे ओळखायला शिकवावे लागत नाही. हीच चाचणी ट्रान्समीटर सुरू केल्याबरोबर आणि तो काही मिनिटे अखंड चालल्यावर, अशी दोनदा करावी. ड्युप्लेक्सरची हानी १.५ डेसिबल असेल तर ५० वॅटपैकी १४ ते १५ वॅट उष्णता होऊन कॅव्हिटींमध्येच जिरतात, आणि थंड असताना उत्तम असलेला ड्युप्लेक्सर तापल्यावर सरकलेला आढळतो.

डमी लोडवरही डीसेन्स दिसला, तर टॉवरकडे पाहायची गरज नाही, दोष खोलीतच आहे. रिसीव्हरची केबल ड्युप्लेक्सरवरून काढून ते पोर्ट ५० ओहमने बंद करावे, जनरेटर थेट रिसीव्हरला द्यावा आणि ट्रान्समीटर लोडवर चालवावा. तरीही डीसेन्स उरला, तर ट्रान्समीटरची ऊर्जा ड्युप्लेक्सरला वळसा घालून खोक्यातून, वीजपुरवठ्याच्या किंवा कंट्रोलच्या तारांतून रिसीव्हरमध्ये शिरत आहे. तिथे शील्डिंग आणि फीडथ्रू कपॅसिटर हाच इलाज. डीसेन्स नाहीसा झाला, तर संशय ड्युप्लेक्सरवर आणि त्याच्या जोडकेबलींवर येतो. या केबली एका पदरी विरळ जाळीच्या असतील तर १०० डेसिबलच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. चांदीच्या मुलाम्याची दुपदरी जाळी किंवा सलग तांब्याचे कवच असलेली केबल हवी.

ड्युप्लेक्सर जुळवताना कोणते उपकरण वापरतो याला फार महत्त्व आहे. हातात मावणाऱ्या स्वस्त व्हेक्टर अ‍ॅनालायझरची गतिक मर्यादा साधारण ७० डेसिबलची असते, त्यामुळे पूर्ण ड्युप्लेक्सरची ९० डेसिबल खोल खाच (नको ती वारंवारता अडवणारा अरुंद भाग) त्यावर दिसतच नाही. दिसतो तो उपकरणाचाच तळ, आणि स्क्रू फिरवणारा त्या तळालाच खाच समजून समाधान मानतो. अशा उपकरणाने एकेक कॅव्हिटी सुटी करून जुळवावी आणि शेवटची बारीक जुळणी सिग्नल जनरेटर आणि संवेदनक्षम रिसीव्हर वापरून करावी.

तापमानाचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. या पट्ट्यातल्या पाव तरंगलांबीच्या कॅव्हिटीचा मधला दांडा साधारण ५२ सेंटिमीटरचा असतो. तो सगळा अ‍ॅल्युमिनियमचा असता, तर तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने कॅव्हिटी सुमारे १३३ किलोहर्ट्झ सरकली असती, आणि एवढ्या सरकण्याने ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर आखलेली अरुंद खाच निकामी होते. म्हणूनच चांगल्या कॅव्हिटीमध्ये दांड्याची लांबी इन्व्हार या जवळजवळ न प्रसरणाऱ्या मिश्रधातूने धरून ठेवलेली असते. उन्हाळ्यात बिघडणारा आणि थंडीत आपोआप सुधारणारा रिपीटर दिसला, तर पहिला प्रश्न या दांड्याबद्दल विचारावा. ट्रान्समीटरच्या केबलची लांबी बदलली की दोष येतो-जातो, असे आढळले तर पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ड्युप्लेक्सरच्या जोडीला अस्थिर होत असतो. तिथे आयसोलेटर (पॉवरला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावणे हा पक्का उपाय आहे.

डमी लोडवर सारे ठीक, अँटेनावर बिघाड

हा प्रकार अधिक चिवट असतो, कारण आता फीडर, अँटेना आणि आजूबाजूचे सगळे लोखंड संशयित होते. इथे एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती पॉवर परतते ते दाखवणाऱ्या) भिस्त ठेवू नये. फीडरची एका दिशेची हानी ३ डेसिबल असेल, तर वरची अँटेना तुटून पडली तरी खाली एसडब्ल्यूआर ३ पेक्षा जास्त दिसूच शकत नाही, आणि फीडरमध्ये पाणी शिरून हानी वाढली की मीटरवरचा आकडा उलट सुधारतो. मागच्या वर्षीपेक्षा एसडब्ल्यूआर विनाकारण चांगला झाला असेल, तर आनंद न मानता फीडरची हानी मोजावी.

अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा आणि त्यावर कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची जाळी अशी रचना असलेली लवचीक केबल साध्या स्टेशनसाठी उत्तम असते, पण एकाच वेळी प्रसारण आणि ग्रहण होणाऱ्या फीडरसाठी ती मुळीच वापरू नये. दोन भिन्न धातू एकमेकांवर नुसते टेकलेले असतात, वाऱ्याने केबल हलली की तो स्पर्श बदलतो, काळाने तिथे ऑक्साइड साचतो आणि तो सांधा डायोडसारखा वागू लागतो. मग ट्रान्समीटर सुरू असताना झुळकीगणिक खरखर येते. फायबरग्लासच्या नळीतल्या कोलिनियर अँटेनाचे आतले सोल्डरचे डाग उकलले तरी नेमके असेच होते, आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते. सलग तांब्याचे पन्हळी कवच असलेला फीडर, एन प्रकारचे कनेक्टर आणि निकेलऐवजी चांदीचा मुलामा, यांवर केलेला खर्च माझ्या मते रिपीटरमधला सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च असतो. जवळचे गंजलेले नटबोल्ट, सैल साखळ्या आणि मास्टचे ढिले सांधेही हाच उपद्रव करतात.

टॉवरवर इतर ट्रान्समीटर असतील तर इंटरमॉड्युलेशनचा (सिग्नल एकमेकांत मिसळून नवी वारंवारता तयार होण्याचा) हिशेब कागदावर मांडावा. एका वारंवारतेच्या दुपटीतून दुसरी वजा केली की तिसऱ्या क्रमाचे मिश्रण मिळते. आपल्या उदाहरणात १४५.७०० ची दुप्पट वजा १४६.३०० म्हणजे बरोबर १४५.१००. म्हणून आपल्या प्रसारणापेक्षा ६०० किलोहर्ट्झ वर दुसरा कोणताही ट्रान्समीटर त्याच जागेवर असेल तर तो नेहमीच संशयित. याहून फसवे उदाहरण एफएम प्रसारणाचे आहे. जवळच ९८.१ आणि ९८.७ मेगाहर्ट्झची दोन केंद्रे असतील, तर त्यांच्यातला ६०० किलोहर्ट्झचा फरक आपल्या प्रसारणातून वजा होऊन थेट आपल्या इनपुटवर येतो. विकृत झालेले संगीत आणि निवेदन फक्त आपला ट्रान्समीटर सुरू असतानाच ऐकू येते, ही त्याची खूण.

हे मिश्रण कुठे तयार होते हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. रिसीव्हरच्या तोंडाशी, आणि प्रीअ‍ॅम्प्लिफायर (रिसीव्हरआधी सिग्नल वाढवणारा भाग) असेल तर त्याच्याही आधी, ३ डेसिबलचा अ‍ॅटेन्यूएटर लावावा. उपद्रव फक्त ३ डेसिबलने कमी झाला, तर तो बाहेरून तयार होऊनच येत आहे. तो ९ डेसिबलच्या आसपास कोसळला, तर रिसीव्हर किंवा त्याआधीचा प्रीअ‍ॅम्प्लिफायरच तो तयार करत आहे. असा प्रीअ‍ॅम्प्लिफायर आधी काढून पाहावा. गोंगाटाच्या टॉवरवर तो फायद्यापेक्षा तोटाच जास्त करतो. मिश्रण आपल्या ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात होत असेल तर आयसोलेटर लावावा, पण त्याच्यानंतर, अँटेनाच्या बाजूला, हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले सिग्नल अडवणारी) फिल्टर अवश्य लावावी, कारण आयसोलेटरमधले फेराइट स्वतःच दुसरा हार्मोनिक निर्माण करते आणि मग स्प्युरियसची मर्यादा खरोखरच मोडली जाण्याची वेळ येते.

दुरुस्ती करताना परवाना

प्रसारण केंद्राचा कार्यक्रम रिपीटरवरून पुन्हा प्रसारित होऊ लागला, तर तो केवळ तांत्रिक त्रास राहत नाही. हौशी (हॅम) रेडिओ सेवेला सहसा तशी परवानगी नसते, आणि रिपीटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी परवानाधारकावर असते. म्हणून दुरून ट्रान्समीटर बंद करण्याची सोय चालू स्थितीत असलीच पाहिजे आणि दोष सापडेपर्यंत ती वापरायला संकोच करू नये. तीन मिनिटांच्या आसपासचा टाइम-आउट टायमरही (अखंड प्रसारण आपोआप थांबवणारा) याच कारणासाठी लावलेला असतो. हौशी स्टेशनांनी प्रसारणादरम्यान थोड्या थोड्या अंतराने कॉलसाइन दिले पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय नियमावलीचे कलम २५ सांगते. हे अंतर नेमके किती ते प्रत्येक देशाच्या नियमांत ठरते. कंट्रोलर बदलताना किंवा तात्पुरता सेट लावताना ही ओळख बंद पडलेली राहते आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याहून जास्त दुर्लक्ष होते ते पॉवरच्या हिशेबाकडे. परवान्यात बहुतेक ठिकाणी प्रभावी विकिरित पॉवर (वाटेतली हानी वजा करून आणि अँटेनाचा लाभ धरून येणारी), अँटेनाची उंची आणि जागा नोंदलेली असते. ५० वॅटच्या ट्रान्समीटरमागे ड्युप्लेक्सरचे १.५ आणि फीडरचे २ डेसिबल गेले आणि डायपोलच्या तुलनेत ६ डेसिबल लाभाची अँटेना असली, तर ही पॉवर सुमारे ८९ वॅट होते. सडलेला फीडर काढून १ डेसिबल कमी हानीचा बसवला की ती ११२ वॅट होते. दुरुस्ती प्रामाणिक असते, पण परवान्यातली मर्यादा १०० वॅटची असेल तर त्या क्षणापासून स्टेशन नियमाबाहेर चालते. अशा वेळी ट्रान्समीटरची पॉवर उतरवावी. त्याने डीसेन्सही कमी होतो आणि कडेच्या वापरकर्त्यांचे काहीच नुकसान होत नाही, कारण त्यांची अडचण ऐकू येण्याची नसून ऐकले जाण्याची होती. व्यावसायिक सेवेत तर मंजूर प्रकाराच्या सेटमध्ये स्वतःहून केलेला फेरफार बऱ्याच देशांत मंजुरीच रद्द करतो, म्हणून तिथे सेट उघडण्याऐवजी बाहेरून फिल्टर आणि आयसोलेटर लावावेत.

शेजारच्या ट्रान्समीटरवर संशय असेल तर तक्रारीआधी मोजमाप हवे. दोन्ही ट्रान्समीटर ठरवून आळीपाळीने बंद करून पाहावेत. दोन्ही सुरू असतानाच उपद्रव येतो एवढे सिद्ध झाले, तरी मिश्रण कोणाच्या उपकरणात होते हे सिद्ध होत नाही आणि ते गंजलेल्या तिसऱ्याच सांध्यातही असू शकते. वारंवारता, वेळ, पातळी आणि कोणता ट्रान्समीटर कधी बंद होता याची नोंद घेऊन गेलात, तर जागेचा मालक आणि नियामक दोघेही ऐकून घेतात. टॉवरवर चढताना सर्व ट्रान्समीटर बंद असल्याची लेखी खात्री घ्यावी. जवळच्या अँटेनातली पॉवर डोळ्यांना दिसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर डमी लोडवर आणि अँटेनावर, ट्रान्समीटर बंद आणि सुरू, थंड आणि तापलेला, अशा सगळ्या स्थितींतले सिनॅडचे आकडे, पुढे गेलेली व परतलेली पॉवर आणि खोलीचे तापमान एका वहीत लिहून ती वही रिपीटरच्या कपाटातच ठेवावी. हीच मोजमापे पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि भर उन्हाच्या दुपारी पुन्हा घ्यावीत. अँटेनावरचा डीसेन्स वाढला आणि लोडवरचा तसाच राहिला, तर पुढच्या खेपेला ड्युप्लेक्सरच्या स्क्रूंना हात न लावता सरळ फीडरच्या वरच्या टोकाचा कनेक्टर उघडावा.